वंगणाची डबी

बेळगाव, ता. ३ डिसेंबर १९३७

आण्णाप्पा यास रघुवीर हुदलीकर याचा आशीर्वाद.

तू गेल्याला तीन आठवडे झाले. जाताना हत्यारांची पेटी नेली नाहीस. पितळी फुंकणी, दोन्ही चिमटे, काच कापायची सुरी, कोळशाच्या कांड्या, सगळे जसेच्या तसे आहे. मी स्वतः कुलूप लावले. निपाणीच्या सर्व्हिस मोटारीवरचा मारुतीराव ड्रायव्हर तुझ्याच गल्लीतला असे समजले. त्याच्याबरोबर निरोप दे, म्हणजे पेटी मोटारीवर चढवून देईन.

झाल्या गोष्टीचा राग धरू नकोस. कॉलेज म्हणजे काही तंबाखूची वखार नव्हे, इथे शिस्त लागते. आपला निबंध खोटा ठरला, साऱ्या हिंदुस्थानात शोभा झाली, तेव्हा ते कुणावर तरी शेकणारच होते. प्रिन्सिपॉलसाहेबांनी विचारले आणि मला उत्तर देणे भाग पडले. तुला काढून टाका असे मी म्हटले नाही, हे तू तिथे उभा राहून ऐकलेस. 'यापुढे यंत्राजवळ ठेवू नये' एवढेच मी म्हणालो. बाकीचे त्यांनी ठरवले.

कापूर यंत्राजवळ गेला, एवढे तर खरे ना? मग तो कुणाच्या हाताने गेला, याला शास्त्रात काही किंमत नाही.

तू हुशार माणूस आहेस. कंदिलाच्या काचा फुंकायच्या कारखान्यातून मी तुला इथे आणले. आठ वर्षांत तुला प्रयोगाच्या नळ्या करायला शिकवले, वर्णपटातल्या रेघा ओळखायला शिकवले. ते ज्ञान तुझ्याकडून कुणी काढून घेतलेले नाही. पेटी नेलीस तर निपाणीत काहीतरी उद्योग करता येईल. गॅसबत्त्या दुरुस्त करायलाही माणूस लागतोच.

तुझ्या घरी नागुबाईंना आणि लेक कल्याणीला आशीर्वाद सांग. सोबत कोरे कार्ड जोडले आहे. त्यावर नुसते 'पोचले' एवढे लिहिलेस तरी चालेल.

रघुवीर हुदलीकर

बेळगाव, ता. १९ मार्च १९३८

आण्णाप्पा यास आशीर्वाद.

मारुतीराव परवा कॉलेजात येऊन गेला. काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहितो. "सर, तुमचं पत्र म्या सोताच्या हातानं दिलं. त्यानं उलटंपालटं करून बघितलं आन् देवळीत ठिवून दिलं. फोडलं न्हाय. वखारीत लागलाय त्यो. तंबाखूची धूळ लई असती, तर ह्यो तोंडाला फडकं बांधून बसतोय दीसभर. बाया त्येला नवरी म्हणून हसत्यात."

मला आधी राग आला. प्रोफेसराने आपण होऊन पत्र लिहावे आणि ते दिव्याच्या देवळीत पडावे! मग त्या रागामागून एक हलकेपणा आला. तो सांगायची लाज वाटते, पण सांगतो. पत्र फोडलेच जाणार नसेल, तर त्यात काय हवे ते लिहिता येईल.

तुझ्या जागी गुंडू म्हणून एक जण घेतला आहे. त्याने चार महिन्यांत पाच नळ्या तडकवल्या. काचेत तार बसवली की निवायच्या आधीच तो ती पाहायला उचलतो. तू म्हणायचास, 'काचंला घाई चालत न्हाय सर.' ते वाक्य मी त्याला ऐकवले. तो 'बरं' म्हणाला आणि सहावी तडकवली.

आपण काय शोधत होतो ते तुला ठाऊक आहे, पण एकदा सरळ मांडू दे, म्हणजे मलाही बरे वाटेल. विरळ वायूतून वीज सोडली की तो उजळतो. तो उजेड लोलकातून नेला की फोटोच्या काचेवर रेघा उमटतात, आणि रेघांवरून नळीत कोण आहे ते ओळखता येते. सुट्या अणूच्या रेघा सुट्या. रेणूचे मात्र पट्टे पडतात, एका कडेला धारदार आणि दुसरीकडे विरत जाणारे. हेलियम हा एकलकोंडा वायू, त्याचा अणू कुणाशी जोडला जात नाही. पण विजेच्या धक्क्याने एखाद्या अणूतला इलेक्ट्रॉन निघून गेला, तर तो उणा झालेला अणू शेजाऱ्याला धरून राहतो, असे गणित सांगत होते. त्या जोडीचा, म्हणजे त्या रेणू-आयनाचा, स्वतःचा उजेड कुणी पाहिलेला नव्हता. तो आपण बेळगावात बसून पाहायचा, असे माझ्या मनाने घेतले. मनाने काय घ्यावे याला धरबंध नसतो.

जर्मनीहून मागवलेले हेलियमचे तीन काचगोल आपल्याकडे होते. दोन वाया गेले. उरला एक, आणि त्याचे तोंड १९३६ च्या खंडेनवमीला फोडायचे ठरले होते.

कॉलेजच्या मासिकातला माझा लेख तेव्हा सगळ्यांना पाठ होता. 'पंपाला हळद लावल्याने हवा लवकर निघत नाही' या वाक्यावर मुलांनी वर्गात बाके वाजवली होती. प्रयोगशाळेत पूजा बंद, असा हुकूमही मीच काढला होता. त्या सकाळी घरात जयाबाई मला म्हणाली, "लोहार ऐरण पुजतो, शिंपी कातर पुजतो. तुमच्याच यंत्रानं काय पाप केलंय?" बायकोला हसण्यात नवरे पटाईत असतात, तसा मी हसलो. आणि तिची पाठ वळताच तिच्याच देव्हाऱ्यातली हळदकुंकवाची पुडी आणि कापराच्या वड्या कोटाच्या खिशात घातल्या. मला भीती वाटत होती. शेवटचा गोल होता.

शिपाई यायच्या आधी मी प्रयोगशाळा उघडली. पंपाला कुंकू लावले, लोलकापुढे झेंडू ठेवला, कापूर पेटवून तबक नळीभोवती फिरवत होतो, आणि तू दारात उभा. तू हसला असतास तर फार बरे झाले असते. तू वहाणा काढल्यास, यंत्राला हात जोडलेस, आणि मग हळूच म्हणालास, "सर, फुलं व्हावा, दिवा लावा, पर कापूर नगं. त्यो हवंत उडतोय. नळी उघडी हाय." मी म्हणालो, "मला शिकवू नकोस." उरलेल्या वड्या कागदात गुंडाळून मी खणात टाकल्या. हवा आत शिरू नये म्हणून नळीच्या तोट्यांना लावायचे वंगण तू व्हॅसलीन आणि रबर शिजवून करायचास, त्याची उघडी डबी त्याच खणात होती. कुणाला कापूर दिसू नये म्हणून मी खण घट्ट लावून घेतला.

पूजा मी केली. एवढेच लिहायचे होते, त्याला चार पाने लागली.

पेटी अजून इथेच आहे.

रघुवीर हुदलीकर

बेळगाव, ता. १२ ऑक्टोबर १९४२

आण्णाप्पा यास आशीर्वाद.

चार वर्षे लिहिले नाही. लढाईमुळे बाहेरून काचसामान येणे बंद झाले. त्या अडचणीत मी तुझ्या पेटीचे कुलूप उघडले. खरे म्हणजे लढाईच्याही आधी उघडले होते. तुझी सुरी आम्ही वापरतो. चिमटेही.

वरच्या वर्गातला आमचा विद्यार्थी आनंद हिंडलग्याच्या तुरुंगात आहे. ऑगस्टात मुले बाहेर पडली, पोलिसांनी नावे विचारली, आणि हा शहाणा आपले खरे नाव सांगून मोकळा झाला. परवानगी काढून मी त्याला भेटायला गेलो, दोन पुस्तके नेली. गजांच्या आत तो आणि बाहेर मी. त्याला बोलायला विषय हवा होता. तो म्हणाला, "सर, तुमचा हेलियमवरचा निबंध मी ग्रंथालयात वाचला होता. त्यात चूक कशी राहिली?"

मी म्हणालो, "एका नोकराच्या अडाणीपणामुळे."

तो विचार करून म्हणाला, "पण सर, असे नवे पट्टे दिसल्यावर तुम्ही आधी तोट्यांचं वंगण बदलून पाहिलं असेल ना?" त्याच्या मनात काही नव्हते. पहिल्या वर्षाच्या मुलाला मी जे शिकवतो तेच तो मला विचारत होता. मी पहारेकऱ्याकडे पाहिले. वेळ संपली का, असे मीच त्याला विचारले.

हिंडलग्याहून सायकल हातात धरून चालत आलो. बसायचे सुचलेच नाही. घरी पानावर बसलो आणि तसाच उठलो. जयाबाई म्हणाली, "तुरुंगात तो आहे, तुम्हाला काय झालं?"

काय झाले ते सांगतो.

कलकत्त्याच्या संशोधकाने आपले पट्टे पुन्हा मोजले आणि छापून टाकले की यात नवे काही नाही. हे कार्बन मोनॉक्साइडच्या आयनाचे पट्टे आहेत, धूमकेतूच्या शेपटीत दिसतात तेच. हुदलीकरांच्या नळीत कुठून तरी कार्बन शिरला आहे. त्यानंतर खणातला कापूर सापडायला कितीसा वेळ लागणार? प्रिन्सिपॉलसाहेबांनी आपल्या दोघांना खोलीत बोलावले. कुंकवाचे डाग पंपावर अजून होते. "ही पूजा कुणी केली?" असे त्यांनी विचारले, पण माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. माझा लेख त्यांनी वाचला होता. ते तुझ्याकडे वळले. "तू केलीस?"

तू माझ्याकडे पाहिलेस. "सरांस्नी ठाऊक हाय," म्हणालास.

तू मला वाट करून देत होतास, हे मला तेव्हाच समजले. टेबलावर शाईचा एक डाग होता. मी त्याच्याकडे बघत म्हणालो, "होय, यानेच केली. मी बजावले होते."

'मी बजावले होते' हे तर मला कुणी विचारलेही नव्हते. बजावले तू होतेस. तुझे वाक्य उचलून मी माझ्या तोंडात घातले.

तू टोपी नीट केलीस आणि बाहेर गेलास. एवढ्यावर भागले असते तरी ते माझ्या-तुझ्यातच राहिले असते. पण निबंध छापणाऱ्या पत्रिकेला दुरुस्तीची टीप पाठवली, तीत मी लिहिले: 'प्रयोगशाळेतील एका नोकराच्या भोळसट अज्ञानामुळे नळीत कापूर शिरला.' ते छापून आले आहे. इंग्रजीत ते वाक्य फार सुबक दिसते.

हेही पत्र देवळीत जाईल हे मला ठाऊक आहे. म्हणूनच इतके मोकळेपणाने लिहिले. म्हणजे आनंदसारखे आपले नाव सांगण्याचे धैर्य माझ्यात आले, असे कुणी समजू नये.

रघुवीर हुदलीकर

बेळगाव, ता. २० जून १९४६
रजिस्टर

श्रीयुत आण्णाप्पा यांस रघुवीर हुदलीकर याचा नमस्कार.

आजवरच्या पत्रांत मी 'यास' आणि 'आशीर्वाद' लिहीत आलो. तुम्ही माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. सहा वर्षांनी मोठ्या माणसाला आशीर्वाद देणारा माणूस कसा असेल, हे तुम्ही न फोडताच ओळखले असावे. मागची पत्रे राहू द्या, पण हे एवढे फोडावे.

बंगळूरच्या एका संशोधन संस्थेला काचकाम करणारा माणूस हवा आहे आणि तुमचा अर्ज तिथे गेला आहे. त्यांचे चौकशीचे पत्र आमच्या कॉलेजला आले. ते माझ्याच टेबलावर पडले, कारण मार्चपासून मी हंगामी प्रिन्सिपॉल आहे. सोबत तुमच्या अर्जाची नक्कल होती. अक्षर कल्याणीचे असावे, वळणदार आहे. 'आधीची नोकरी का सुटली' या प्रश्नापुढे एकच ओळ होती: 'कारण हुदलीकर सरांना ठाऊक आहे.'

त्याच खोलीत, त्याच टेबलाशी बसून मी ती वाचली. शाईचा डाग अजून आहे.

संस्थेने विचारले आहे की, १९३७ च्या टिपेत ज्या नोकराचा उल्लेख आहे तो हाच काय? तसे असेल तर त्याला घेता येणार नाही, कारण आमच्या कामात कणभर भेसळही चालत नाही. त्यांचे काही चुकले नाही. मी छापले, ते त्यांनी वाचले.

शुक्रवारी कॉलेज चालवणाऱ्या मंडळाची सभा आहे. मला त्या जागेवर कायम करायचे त्यांनी ठरवले आहे. म्हणून पहिल्या दिवशी मी एक सोयीचे उत्तर तयार केले: 'माणूस सचोटीचा आहे, हाताला कसब आहे, जुने प्रकरण गैरसमजातून झाले.' गैरसमज हा फार गुणी शब्द आहे. त्यात कुणीच खोटे बोललेले नसते. कागद फाडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लिहिले आणि पुन्हा फाडले. जयाबाई म्हणाली, "एवढं काय फाडताय?" मग तिला सांगितले. देव्हाऱ्यातल्या पुडीपासून शाईच्या डागापर्यंत सगळे.

ती मग म्हणाली, "म्हणजे कापूर माझ्या घरचा. आणि दिवाळीचा फराळ आण्णाप्पांकडे पाठवू का, असं मी दर वर्षी विचारायची, तेव्हा तुम्ही म्हणायचात, तो माणूस उद्धट झालाय." ती उठून आत गेली. दोन दिवस तिने मला जेवायला वाढले, पण समोर बसली नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ती तिलाही सांगवली नाही.

१९३६ च्या डिसेंबरात, निबंध टपालात टाकायला चार दिवस उरले असताना, तुम्ही फोटोची एक काच घेऊन माझ्याकडे आलात. नेहमी हेलियमचा उजेड पिवळसर गुलाबी असतो. त्या दोन महिन्यांत त्याला निळी झाक आली होती, आणि मी त्या निळ्यावर खूश होतो. तुम्ही म्हणालात, "सर, वंगणाच्या डबीला कापराचा वास येतोय. म्या नवं वंगण शिजवलं, समद्या तोट्या पुसून पुन्ना बसवल्या आन् तासभर नळी चालवली. बघा, निळं गेलं. पट्टं बी गेलं."

मी काच खिडकीकडे धरली. हेलियमच्या रेघा होत्या, स्वच्छ आणि सुट्या. बाकी काही नव्हते. मला त्या क्षणीच कळले. कळले नाही, असे मी स्वतःची समजूत घालायला पुष्कळ पाहिले, पण ते जमले नाही. मी म्हणालो, "दाब चुकला असेल. ठेव तिकडे." आणि चार दिवसांनी निबंध पाठवला.

कापूर लावला ती चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते. निबंध पाठवला, तिला चूक म्हणता येत नाही.

ती काच मी साडेनऊ वर्षे घरच्या कपाटात, धोतरांच्या घडीखाली ठेवली. फोडून टाकली असती तर प्रश्न मिटला असता. का फोडली नाही, ते मला सांगता येत नाही. तिच्या कडेला तुम्ही टाचणीने तारीख कोरलेली आहे. प्रिन्सिपॉलसाहेबांपुढे तुम्ही या काचेचे नुसते नाव काढले असते तरी माझी नोकरी गेली असती, तुमची नाही. तुम्ही नाव काढले नाही.

संस्थेला काल पाठवलेल्या उत्तराची नक्कल सोबत आहे. इंग्रजी आहे, म्हणून त्यातला मजकूर इथे मराठीत देतो:

'नोकरी सुटण्याचे कारण: रघुवीर हुदलीकर खोटे बोलले. पूजा त्यांनी केली. आण्णाप्पा यांनी कापूर लावू नका असे सांगितले होते. नळीतली भेसळ आण्णाप्पा यांनीच शोधली, ती काढून दाखवली, आणि तिचा पुरावा निबंध पाठवण्याआधी हुदलीकर यांच्या हाती दिला. तो पुरावा सोबत पाठवत आहे. हे मी माझ्याविषयी लिहीत आहे. रघुवीर हुदलीकर.'

काच भुसा भरलेल्या लाकडी पेटीतून रवाना केली. पत्रिकेला हेच कळवले. मंडळाला एक प्रत दिली, आणि जयाबाईला ती प्रत वाचून दाखवली.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्हाला काहीतरी उत्तर द्यावे लागेल, आणि ते कामही पुन्हा माझ्यासाठीच करावे लागेल.

आपला
रघुवीर हुदलीकर

बेळगाव, खंडेनवमी, १९४६

आण्णाप्पा यांस नमस्कार.

सगळे बंगळूरला सुखरूप पोचून तुम्ही संस्थेत रुजू झाला असाल. काचेला तिथली हवा मानवते का ते कळवावे. कळवले नाही तरी चालेल, उत्तर न येता लिहायची मला सवय आहे.

मंडळाने मला कायम केले नाही. वर्ग तेवढे ठेवले, तेही दुसरा शिक्षक मिळेपर्यंत. सभेत एक जण म्हणाला, "एका नोकरासाठी एवढं कशाला?" मी काहीतरी उत्तर दिले, ते नीट जमले नाही. स्टेशनवरही माझे तसेच झाले. तुम्ही तिथे होतात, सगळे तुमच्यासमोरच घडले, तरी लिहितो.

तुम्ही मंगळवारच्या गाडीने लोंढ्याकडून पुढे जाणार, असे मारुतीरावाने सांगितले, म्हणून पेटी घेऊन आलो. 'निरोप दे, म्हणजे पेटी चढवून देईन' असे लिहून नऊ वर्षे बसलेल्याला ती मैलभर उचलून आणायला एक टांगा पुरला. तुम्ही बाकावर बसून पेटी उघडलीत. सुरी बोटाने चाचपून पाहिलीत. ती निम्मी झिजली आहे. मी म्हणालो, "आम्ही वापरली."

"दिसतंय की," तुम्ही म्हणालात.

मग मी विचारले की पत्रे वाचली का. "शेवटचं वाचलं. पोरीनं वाचून दावलं. आदली तशीच हाईत देवळीत." कल्याणी खाली बघत होती. मी म्हणालो, पूजा मी केली हे त्यांतही लिहिले होते. तुम्ही म्हणालात, "आसंल. पर ती तुमी तुमच्यासाठी लिवली हुती."

तरी मला गप्प बसवेना. वखारीतल्या धुळीने तुमची छाती कशी राहिली असेल, हा विचार मनात होता, आणि मी नको ते विचारून बसलो, "फुंकायला दम आहे ना अजून?"

नागुबाई माझ्याकडे अशा पाहू लागल्या की मी जीभ चावली. तुम्हाला मात्र राग आला नाही. तुम्ही म्हणालात, "फडकं कशापायी बांधलतं सर नऊ वर्सं? बाया नवरी म्हणायच्या. म्हणू दे म्हटलं. दम राखून ठिवलाय काचंसाठी. आज ना उद्या लागंल म्हटलं."

आज ना उद्या. मी नऊ वर्षे उत्तर लिहायला लावली, आणि तुम्ही रोज सकाळी ते फडके बांधत होतात. हे मी गाडीच्या आवाजात बोलू शकलो नाही, म्हणून इथे लिहिले.

पेटीच्या तळाशी वंगणाची ती जुनी डबी निघाली. चुकून कुणाच्या हाताला लागू नये म्हणून तुम्हीच ती तेव्हा वेगळी काढून ठेवली असणार. तुम्ही झाकण काढून नाकाशी धरलीत. "काय हाय ओ त्यात?" नागुबाईंनी विचारले. तुम्ही झाकण पुन्हा घट्ट बसवलेत आणि डबी माझ्या हातात दिलीत. "ही तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या सर. ह्येचा वास जात न्हाय."

गाडी हलली. कल्याणीने हात केला. तुम्ही पेटीचे कुलूप लावत होतात.

आज प्रयोगशाळेत पूजा झाली. या वर्षी उघड झाली, मुलांच्या देखत. फुले आत वाहिली आणि कापूर बाहेर पायरीवर लावला. माझ्या टेबलावर ती डबी होती. पुढच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, ह्यात काय हाय?"

मी झाकण काढून डबी त्याच्यापुढे धरली. त्याने वास घेतला. "वंगण हाय. पर कापराचा वास येतोय," तो म्हणाला. "वंगणात कापूर कुणी घातला?"

मी म्हणालो, "मी." मग खुर्ची ओढून घेतली आणि त्यांना पहिल्यापासून सांगायला लागलो, आधी तुमचे नाव सांगून.

आपला
रघुवीर हुदलीकर